इंजिन बांधून आणलं आणि पुढून खडखड: टाइमिंग चेन की आणखी काही? (टेम्पो ट्रॅक्स, ओएम ६१६ डिझेल इंजिन)

निळी_ट्रॅक्स:
मंडळी, जरा सविस्तर लिहितो, म्हणजे उलटतपासणी कमी होईल.

गाडी टेम्पो ट्रॅक्स, १९९९ ची. पूर्वी वडाप करायची, आता शेतावर असते. ऑइल प्यायला लागली होती आणि सकाळी सुरू व्हायला कुरकुरायची, म्हणून पूर्ण इंजिन बांधून घेतलं. लायनर, पिस्टन, रिंगा नवीन. मेन आणि बिगएंडची बेअरिंगं नवीन. हेडला फेस मारला (तळ घासून सपाट केला), व्हॉल्व्ह ग्राइंड केले. टाइमिंग चेन (क्रँकवरून व्हॉल्व्हचा कॅम फिरवणारी) नवीन टाकली. चेन ताणून धरणारा टेन्शनर आणि चेन ज्यांवरून सरकते त्या गाईडच्या पट्ट्या मात्र जुन्याच. मिस्त्री म्हणाले, त्यांना काही झालेलं नाही.

आवाज असा: थंड इंजिन सुरू केलं की क्षणभर जोरात खडखड, मग शांत. गरम झालं की आयडलिंगला परत येतो. रेस दिली की जातो, रेस सोडून आरपीएम खाली येताना पुन्हा खडखडतो. पंख्याच्या बाजूने येतो हे नक्की. पॉवर आहे, धूर नाही, ऑइलचा दिवा लगेच विझतो.

मिस्त्रींचं म्हणणं, "नवीन इंजिन आहे, हजार-दोन हजार किलोमीटर चालवा, आवाज आपोआप बसेल." आवाजाची क्लिप सोबत जोडली आहे.

घाटमाथा:
आवाज बसत नाही हो, इंजिन बसतं! तोवर गाडी चालवू नका.

क्लिप ऐकली. मोबाईलवर सगळीच जुनी डिझेल इंजिनं खडखडतात, त्यावरून काही सांगता येणार नाही.

डिझेलबाबा:
घाटमाथाशी सहमत. कान लावून निदान करायच्या आधी साध्या गोष्टी बाद करा. या इंजिनात चेनच्या नावावर खपणारा सगळ्यात मोठा चोर म्हणजे नोझल. नोझल नीट फवारत नसलं, थेंब सोडत असलं, की प्रीचेंबरमध्ये (हेडातल्या छोट्या कप्प्यात) डिझेल एकदम पेटतं आणि ठक-ठक येते, अगदी हातोडी मारल्यासारखी.

इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा. एकेका नोझलच्या पाइपचा नट, नोझलकडच्या टोकाला, थोडा सैल करा. डिझेल गळायला लागेल आणि तो सिलिंडर बंद पडेल. आवाज बदलला किंवा गेला तर चोर तो सिलिंडर: नोझल, पिस्टन नाहीतर कनेक्टिंग रॉड. चारही सिलिंडर करून आवाज जसाच्या तसा राहिला तर पुढे बोलू. खाली फडकं धरा, चष्मा घाला आणि गळत्या नटासमोर बोट आणू नका. डिझेलची बारीक धार कातडीत घुसते, चेष्टा नाही.

बांधताना नोझल पंपवाल्याकडे पाठवली होती का? या इंजिनाची नोझल ११५ ते १२५ बारच्या आसपास उघडायला हवीत, आणि चारही जवळपास एकाच दाबावर.

गॅरेजवाला_सांगली:
आमच्याकडं ही विंजनं अजून येत्यात. दादा, मला येकच सांगा, हेड काढताना गाईडच्या पिना ओढल्या हुत्या का? हेडात चेनच्या पट्टीची पिन अस्ती, तिच्यात सहा एमेमचा आटा अस्तोय. बोल्ट लावून ठोकणीनं भायेर ओढायची, मगच हेड उचलायचं. न्हाय ओढली तर हेड अडकतंय, मग पोरं पहार घालत्यात आन पट्टी मोडती. नवी चेन मोडक्या पट्टीवर घासली की असाच खडखडाट.

निळी_ट्रॅक्स:
डिझेलबाबा, नट सैल करून पाहिले. चारही सिलिंडरना आवाज अजिबात बदलला नाही. इंजिन हलतं, थडथडतं, पण ती खडखड आपली तशीच. नोझल टेस्ट करून आणली होती, पावती आहे.

सांगलीवाले दादा, पिनांचं मिस्त्रींना विचारलं. "ओढल्या असतील" म्हणाले.

गॅरेजवाला_सांगली:
"असतील" म्हंजे न्हाईत.

बारामती_एक्सप्रेस:
पुढच्या बाजूचाच आवाज असेल तर आधी पट्टे काढा. वॉटर पंपाचं बेअरिंग, पंख्याचा हब, अल्टरनेटर, अल्टरनेटरच्या मागचा व्हॅक्यूम पंप, यातलं काहीही खडखडतं. पट्टे काढून मिनिटभर इंजिन चालवलं तर काही बिघडत नाही, फक्त पाणी फिरत नाही हे ध्यानात ठेवा. माझ्या ओळखीतल्या एका गाडीचं सगळं टाइमिंग कव्हर उघडलं आणि आवाज निघाला वॉटर पंपाचा. मालक अजून मिस्त्रीचं नाव काढलं की भडकतात.

निळी_ट्रॅक्स:
पट्टे काढून पाहिले. आवाज आहे. लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून पण ऐकलं, टाइमिंग कव्हरच्या वरच्या भागात, थर्मोस्टॅटच्या आसपास सर्वात जास्त. खाली क्रँकजवळ कमी.

शेजारी_पाजारी:
हेडला फेस मारला ना? मग झालं. हेड खाली आलं, चेन लांब पडली, सैल झाली. चेनची एक कडी कमी करून घ्या, नाहीतर टेन्शनरच्या मागे वॉशर टाका. आमच्या भागात सगळे वॉशरच टाकतात.

मायक्रोमीटर:
शेजारी_पाजारी, वॉशर कृपा करून नको. आणि कडी कमी करायचा तर प्रश्नच येत नाही, टाइमिंग लागणारच नाही.

हेड खाली आल्याने चेन सैल होते हे तत्त्व बरोबर, पण किती? मी टूलरूममध्ये काम करते, त्यामुळे आकड्याशिवाय मला चैन पडत नाही. समजा अर्धा मिलिमीटर फेस मारला. चेनची ओढणारी बाजू अर्ध्या मिलिमीटरने आखूड झाली, म्हणून कॅम तेवढा मागे राहिला. कॅमच्या चक्राची त्रिज्या पट्टीने मोजली तर पाच-सहा सेंटिमीटर भरते. एवढ्या त्रिज्येवर अर्धा मिलिमीटर म्हणजे कॅमचा अर्धा अंश आणि क्रँकचा साधारण एक अंश. बस्स. दुसऱ्या बाजूला जी ढिलाई आली ती खायलाच टेन्शनर असतो, त्याच्या पिनेला भरपूर चाल असते. टेन्शनर चांगला असेल तर फेसिंगमुळे चेन खडखडत नाही.

वॉशर टाकल्यावर काय होतं ते पण सांगते. पट्टीवर कायमचा दाब बसतो, प्लॅस्टिकच्या थरात चेनच्या रेघा पडतात, थर झिजून ऑइलच्या चेंबरमध्ये जातो. आवाज जातो खरा, पण थोड्याच काळापुरता.

धागाकर्ते, आता मोजा. ऐकून पुष्कळ झालं.

डिझेलबाबा:
मायक्रोमीटर ताईंनी माझं काम हलकं केलं. मोजायची पद्धत लिहितो. हे इंजिन मूळ मर्सिडीजचं. बजाज टेम्पोने परवाना घेऊन आकुर्डीला बनवलं (कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं ते २००५ मध्ये). त्यामुळे मर्सिडीजच्या २४० डी गाडीच्या पुस्तकातली पद्धत इथे चालते. फक्त कॅमवर ठोकलेला नंबर पाहून आकडा त्याच कॅमचा आहे ना, याची खात्री करा.

ढोबळ तपासणी: टॅपेट कव्हर काढा, क्रँक टीडीसीला (पहिला पिस्टन अगदी वर) आणा, कॅमच्या वॉशरवरची खूण बेअरिंगच्या टॉवरवरच्या खुणेशी जुळते का पाहा. यात डोळ्याचा फरक येतो, म्हणून फार विश्वास ठेवू नका.

बारीक तपासणी: पहिल्या सिलिंडरच्या इनलेट व्हॉल्व्हचा टॅपेट गॅप (कॅम आणि व्हॉल्व्हमधली मोकळी फट) शून्य करा. त्याच व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या वाटीवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) लावा. आता क्रँक फक्त फिरायच्या दिशेनेच फिरवा. व्हॉल्व्ह बरोबर २ मिलिमीटर उघडला की थांबा आणि पुलीवरचे अंश वाचा. नवीन चेनला टीडीसीनंतर ११.५ अंश, चाललेल्या चेनला १३.५ पर्यंत. त्याहून बरंच पुढे गेलं तर चेन ताणलेली आहे किंवा दात चुकलाय. दात चुकला असेल तर फरक इतका मोठा दिसतो की शंका उरत नाही.

क्रँक उलटा फिरवायचा नाही हे पुन्हा सांगतो. ढिलाई टेन्शनरच्या बाजूऐवजी ओढणाऱ्या बाजूला येते आणि वाचन खोटं पडतं. आकडा चुकून पुढे गेला तर पूर्ण फेरा मारून परत या.

हे झालं की गॅप परत लावा, इनलेट ०.१०, एक्झॉस्ट ०.३०, इंजिन थंड असताना. १४ चे वाकडे पाने लागतील. सरळ पान्याने केलंत तर बोटांची सालं निघतील.

घाटमाथा:
या धाग्याची वाचनखूण साठवली आहे. माझ्याकडे ट्रॅक्स नाही, तरी साठवली आहे.

दुबईत_नाना:
मी २४० डी वापरली आहे पुष्कळ वर्षं, तेव्हा दोन शब्द. चेन ताणली तर लोक लगेच नवी घालतात, पण ऑफसेट चावी नावाचा प्रकार असतो. कॅमच्या चक्रातली ती अर्धगोल चावी, वरचा भाग खालच्यापेक्षा थोडा सरकलेला. ०.७ मिमी सरकलेली चावी घातली की क्रँकच्या हिशोबात ४ अंश भरून निघतात, ०.९ ची ६.५ भरते. मात्र ती टाइमिंगची दुरुस्ती आहे, आवाजाची नाही. ज्यांना वाटतं चावी बदलली की खडखड जाईल, त्यांनी पैसे वाचवावेत.

आणि निळी_ट्रॅक्स, नवी चेन घालताना जोडकडी रिव्हेट केली की क्लिपची? क्लिप असेल तर ती कुठे घासते का बघा. घासत असेल तर कव्हरच्या आत किंवा पट्टीच्या कडेला चकचकीत ओरखडा दिसतो.

निळी_ट्रॅक्स:
डायल गेज शेजारच्या गावातल्या लेथवाल्याकडून आणला, तो स्वतःच कुतूहलाने सोबत आला. दोनदा मोजलं. २ मिलिमीटरला साडेबारा, दुसऱ्या वेळी साडेबाराच्या थोडं पुढे.

फेस किती मारला हे त्याच्याच वहीत होतं: अर्ध्या मिलिमीटरहून थोडा कमी.

जोडकडी रिव्हेटची आहे, ओरखडा नाही. हेडातल्या पट्टीवर चेनच्या दोन रेघा आहेत, नखाला लागतात, पण मोडलेली नाही. आणि एक गोष्ट दिसली. टॅपेट कव्हर काढून चेन कॅमच्या चक्राखाली, टेन्शनरच्या बाजूला, बोटाने दाबली तर आरामात आत-बाहेर होते.

मायक्रोमीटर:
साडेअकरा अधिक फेसिंगचा एक अंश, म्हणजे साडेबारा. मला आज जेवण गोड लागणार. टाइमिंग ठीक आहे, चेन ठीक आहे, दात चुकलेला नाही.

आता टेन्शनर. बोटाने आत-बाहेर होते ते तिथेच बोट दाखवतं.

गॅरेजवाला_सांगली:
म्या पयल्यापास्नं म्हन्तोय पट्टी-टेन्शनर. फकस्त येक, टेन्शनर काढल्यावर विंजन फिरवू नगा. जराबी नगा. चेन ढिली, दात उडी मारतोय, मग व्हॉल्व्ह पिस्टनला भेटत्यात.

डिझेलबाबा:
सांगलीकरांचं शंभर टक्के बरोबर. टेन्शनर काढण्याआधी थर्मोस्टॅटचं हाउसिंग बाजूला करावं लागेल, म्हणजे पाणी आधी काढून घ्या, गॅस्केट नवीन आणून ठेवा.

हा टेन्शनर नुसता स्प्रिंगचा नाही. आत स्प्रिंग आहे, शिवाय ऑइलचा कप्पा आहे आणि त्याच्या तोंडाशी बॉल व्हॉल्व्ह. इंजिनचं ऑइल आत येतं, बाहेर जायला मात्र वाट जवळपास नाही. म्हणून चेनने झटका दिला तरी पिन मागे सरकत नाही. बॉल नीट बसत नसेल तर ऑइल परत जातं, उरते ती स्प्रिंग. स्प्रिंगच्या जोरावर चेन झुलते. थंड असताना ऑइल जाड म्हणून थोडा टिकाव धरतो. गरम झालं, ऑइल पातळ झालं, आयडलिंगला दाब कमी झाला की खडखड. रेस दिली की दाब वाढतो, आवाज जातो. तुमच्या पहिल्या प्रतिसादातलं वर्णन आणि हे, दोन्ही जुळतात.

बाहेर काढल्यावर पिन खाली करून एका डब्यात धरा. डब्यात पातळ ऑइल, पुस्तकात एसएई १० म्हटलंय, टेन्शनरच्या कॉलरच्या वरपर्यंत. प्रेसखाली किंवा शिकंज्यात सावकाश शेवटपर्यंत दाबा, सोडा. सात ते दहा वेळा. बुडबुडे थांबले पाहिजेत. चांगला टेन्शनर भरल्यावर असा घट्ट होतो की जोर लावूनच, आणि तोही हळूहळू दबतो. भरूनही अंगठ्याने आत जात असेल तर भंगारात.

बांधताना हे न करता कोरडाच बसवला असेल तरी सुरुवातीला असाच आवाज येतो. पण तुमची गाडी तेवढी चालून झालीय, आतापर्यंत आपोआप भरला असता.

शेजारी_पाजारी:
एवढं सगळं करण्यापेक्षा २०डब्ल्यू५० ऑइल टाकून बघा ना. जाड ऑइलने आवाज जातो.

डिझेलबाबा:
आवाज दबतो. सकाळी थंड इंजिनला टेन्शनरपर्यंत पोचायला जाड ऑइल जास्त वेळ घेतं आणि तेवढा वेळ चेन मोकळी. नवीन बेअरिंगं टाकलेल्या इंजिनात हा प्रयोग करू नये.

बरं आठवलं. धागाकर्ते, ऑइल प्रेशर दिव्यावर समजू नका, गेज लावून बघा. गरम इंजिनला रेसवर ३ बार मिळायला हवेत. ते मिळत नसतील तर टेन्शनर निर्दोष असूनही खडखडेल आणि मग खरा शोध ऑइल पंप आणि बेअरिंगकडे.

स्विफ्टवाली_मुग्धा:
माफ करा, थोडं अवांतर. माझी स्विफ्ट डिझेल, १.३ वालं इंजिन. सकाळी सुरू करताना दोन-तीन सेकंद अशीच खडखड येते. मी पण टेन्शनर बदलू का?

बारामती_एक्सप्रेस:
मुग्धा, तुमचं इंजिन पूर्णपणे वेगळं. ते फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट (रांजणगावला पण बनायचं, टाटाच्या व्हिस्टात आणि फियाटच्या पुंटो-लिनियात जायचं). ट्रॅक्सची चेन दुहेरी, जाडजूड. तुमची एकेरी, बारीक. तत्त्व तेच, टेन्शनर ऑइलच्या दाबावरच चालतो. पहिलं काम डिपस्टिक बघणं. या इंजिनात ऑइल कमी पडलं की टेन्शनर ढिला पडतो, चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह-रॉकरची मोडतोड होते. ऑइल पातळी बरोबर असून आवाज रोज येत असेल तर गाडी पुढे न दामटता चेन, टेन्शनर आणि पट्ट्या एकत्रच बदला. एक नवीन, एक जुनं असं करू नका. आणि ते काम टाइमिंग लॉक करायच्या पिना ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडेच द्या. पेंटच्या खुणा करून काम करणारे खूप आहेत, त्यांच्यापासून लांब राहा.

स्विफ्टवाली_मुग्धा:
डिपस्टिकवर खालच्या खुणेच्याही खाली आहे. 😬 आत्ताच पाहिलं.

बारामती_एक्सप्रेस:
सुरू करू नका. ऑइल आणून भरा, मग सुरू करा. गळतंय की जळतंय ते शोधायला वेगळा धागा काढा, इथे ट्रॅक्सवाले वैतागतील.

निळी_ट्रॅक्स:
नाही हो, वैतागत नाही. अपडेट देतो.

गेज लावला. गरम आयडलिंगला एकाच्या वर, रेसवर काटा तीनला. म्हणजे पंप आणि बेअरिंगं सुटली.

टेन्शनर काढला. पिन अंगठ्याने आत गेली, फुस्स करून. डब्यात ऑइल घेऊन शिकंज्यात दहा वेळा दाबला. बुडबुडे आले, थांबले, थोडा घट्ट झाला. टेबलावर ठेवून चहा घेऊन आलो तोवर पुन्हा अंगठ्याने आत.

मिस्त्रींना नेऊन दाखवला. त्यांनी स्वतः दोनदा दाबून पाहिला आणि काही बोलले नाहीत. नवीन टेन्शनरचे पैसे माझे, मजुरी त्यांची, असं ठरलं.

दुबईत_नाना:
"काही बोलले नाहीत" याचा अर्थ चांगला मिस्त्री आहे. त्याला सोडू नका.

मायक्रोमीटर:
टेन्शनरसोबत हेडातली पट्टी पण बदला. नखाला लागणाऱ्या रेघा आहेत म्हणालात. नवीन टेन्शनरचा पूर्ण दाब त्याच रेघांवर बसणार. पिन ओढायची ठोकणी नसेल तर सहाचा लांब बोल्ट, त्यावर पाइपचा तुकडा, वॉशर आणि नट. नट आवळत गेलात की पिन बाहेर येते, ठोकाठोकी नाही. बसवताना पिनेच्या कॉलरला सीलंट लावा, नाहीतर तिथून ऑइल झिरपतं.

निळी_ट्रॅक्स:
दोन्ही बदललं. टेन्शनर डब्यात भरून मगच बसवला, यावेळी शिकंज्याला सगळा जोर लावावा लागला. पिन ताईंच्या पद्धतीनेच ओढली, पहिल्या झटक्यात आली. मिस्त्रींनी ती पाइपच्या तुकड्याची जोडणी ठेवून घेतलीय.

गरम आयडलिंगची खडखड गेली. रेस सोडताना पण नाही. सकाळी थंड असताना क्षणभर येते, पण पूर्वीच्या मानाने काहीच नाही.

आता वरून एक बारीक टिकटिक ऐकू येते. आधी खडखडीत दडली असावी.

डिझेलबाबा:
टॅपेट. डायल गेज लावताना पहिल्या इनलेटचा गॅप शून्य केला होता ना? तो परत ०.१० ला लावताना लॉकनट आवळल्यावर पुन्हा फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघितला का? आवळताना सरकतो, हमखास. बाकीचेही आठच्या आठ तपासा, नवीन ग्राइंड केलेले व्हॉल्व्ह सुरुवातीला बसतात आणि गॅप कमी होतो. टिकटिक चालेल, पण गॅप संपलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आवाज न करता जळतो.

निळी_ट्रॅक्स:
पहिला इनलेट ०.२० निघाला. तिसऱ्या एक्झॉस्टला फिलर जातच नव्हता. दोन्ही लावले. टिकटिक गेली.

ते १४ चे वाकडे पाने लेथवाल्याने उसने दिले होते, परत मागतोय. कुठे मिळतील?

गॅरेजवाला_सांगली:
इकत घिऊ नगा. दोन सादं चौदाचं पानं घ्या, गॅसवर लाल करा, वाकवा. तोंड जाड वाटलं तर ग्राइंडरवर पातळ करा.

घाटमाथा:
कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या अवजारांत कधीकधी जोडी दिसते. घेताना तोंडं पसरलेली नाहीत ना ते बघून घ्या.